तिला एकटीला विचारायला शिकवा

पोलिस, डॉक्टर आणि समुपदेशकांना घरगुती हिंसाचाराबाबत प्रशिक्षण द्यावं, हा तुमच्या लेखातला मुद्दा अगदी पटला. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातल्या कलम 11 नुसार पोलिसांना आणि न्यायिक अधिकाऱ्यांना असं प्रशिक्षण वेळोवेळी देणं ही सरकारची जबाबदारीच आहे, हे लेखात यायला हवं होतं.

मी वडोदऱ्यात परिचारिका आहे. इथल्या मराठी घरांत खानदेशातून लग्न होऊन आलेल्या मुली असतात, सुरुवातीला त्यांना गुजराती जेमतेम येतं. अशी मुलगी हात सुजवून येते तेव्हा सोबत नवरा किंवा सासू असते आणि डॉक्टरांना उत्तरंही तेच देतात, "मोरीत घसरली." तिथेच विषय संपतो. म्हणून प्रशिक्षणात आधी हे शिकवा: ड्रेसिंगच्या निमित्ताने तिला एकटीला आत घ्या, दुभाष्या घरचा नको, आणि "घरात कुणी मारतं का?" हे हळू आवाजात पण सरळ विचारा. नाही म्हणाली तर खोदू नका, पुन्हा यायला सांगा. जखमांची नोंद नीट करा, कोर्टात ती कामी येते. 181 अभयम या गुजरातच्या महिला हेल्पलाइनचा नंबर कागदावर देण्याआधी तो कागद घरी कुणाच्या हाती पडेल, हेही तिलाच विचारा.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसाचार सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या 'दिलासा' केंद्रासाठी रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांना तयार केलं गेलं. पण मी पाहिलेल्या प्रशिक्षणांत रात्रपाळीच्या नर्स आणि आया कधीच नसतात. मार खाल्लेल्या बायका मात्र रात्रीच जास्त येतात.