पाठीवरचा मोहरीचा लेप आणि सांगलीच्या डॉक्टरांचा राग

डॉक्टर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून पहिला दिवस मी नुसती धुसफुसत होते. दुसऱ्या दिवशी परत वाचली, तेव्हा त्यातलं निम्मं तरी मलाच कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटलं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी राहते त्या शांघायमधले लोक ऐन उन्हाळ्यात रुग्णालयात रांगा लावून पाठीला औषधी लेप लावून घेतात, म्हणजे हिवाळ्यात दमा-सर्दी छळत नाही, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. सर्दीवर ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे ठराविक जागी टोचायच्या बारीक सुयांच्या, गुणाबद्दलही त्यात होतं. त्यावर सांगलीच्या या निवृत्त फॅमिली डॉक्टरांचं म्हणणं असं: बाई परदेशात राहून भारावल्या आहेत, मोहरी थापून दमा जात नसतो, 'हजारो वर्षांची परंपरा' हा पुरावा नव्हे, आणि लेख वाचून कुणी पोराचा इन्हेलर बंद केला तर जबाबदार कोण? जाता जाता एक टोलाही आहे: "आमचे सोलापूरचे कोटणीस चीनला गेले ते शस्त्रक्रिया करायला, सुया टोचायला नव्हे."

टोला झकास आहे, म्हणून आधी तोच घेते. कोटणीस सर्जन म्हणूनच गेले, १९३८ साली, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पण त्यांच्याच पाच जणांच्या पथकातले डॉ. बसू पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ती विद्या रुजवली. तेव्हा हा सामना बरोबरीत सोडवू या.

परंपरेबद्दल मात्र मी हरले. 'हजारो वर्षं' हे शब्द मी सवयीने लिहून गेले. हा लेप ज्या दिवसांत लावतात तो 'सान्फू'चा काळ जुना आहे, यात वाद नाही. दक्षिणायन लागल्यानंतर चिनी पंचांगातला तिसरा 'कंग' दिवस धरतात (हा दर दहा दिवसांनी येतो) आणि तिथून तीस किंवा चाळीस दिवस उकाड्याचे मोजतात. आपल्याकडे मृग लागला, आर्द्रा लागली म्हणतात, तसंच हे. पण लेपाची जी कृती आज सांगितली जाते ती सतराव्या शतकाच्या शेवटी चांग लू नावाच्या वैद्याने लिहून ठेवलेली आहे: पांढरी मोहरी आणि आणखी काही वनस्पतींची पूड, आल्याच्या रसात कालवून पाठीवर. म्हणजे शिवकाल नुकताच सरला होता तेव्हाची गोष्ट. आणि टोकन घेऊन, रांगेत बसून, तयार चिकटपट्ट्या लावून घेणं हा तर गेल्या काही दशकांतला प्रकार.

खरोखर प्राचीन आहे ती त्यामागची कल्पना. चिनी वैद्यकाचा आद्यग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग'. त्याच्या दुसऱ्याच अध्यायात कोणत्या ऋतूत कधी निजावं, कधी उठावं हे सांगितलंय. हिवाळ्यात लवकर निजा आणि सूर्य वर आल्याशिवाय उठू नका, हा त्यातला माझा सर्वांत लाडका सल्ला. त्याच अध्यायाच्या शेवटी म्हटलंय की रोग झाल्यावर औषध देणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. अगदी हेच, विहिरीसकट! आमच्या चिनी शिक्षिकेने ते वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात मी एकटीच हसले, आणि का हसले ते कुणाला समजावता आलं नाही.

आता पुराव्याचं. लेपावरचे अभ्यास चिनी भाषेत ढिगाने आहेत, पण त्यांत एक अडचण आहे जी तुम्ही बरोबर हेरलीत. मोहरी झोंबते. ज्याची पाठ झोंबत नाही त्याला कळतंच की आपल्याला खोटा लेप लावलाय. मग तुलना कशाशी करणार? सुयांच्या बाबतीत निदान खोट्या सुया, चुकीच्या जागा असं काही करता येतं. जर्मनीत ४२२ ॲलर्जिक सर्दीवाल्या रुग्णांवर असा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला खऱ्या सुया, दुसऱ्याला खोट्या, तिसऱ्याला सुयाच नाहीत. गरज पडेल तशी सेटिरिझीन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, तिन्ही गटांना. आठ आठवड्यांत बारा वेळा सुया टोचून घेतलेल्यांना बरं वाटलं, पण खोट्या सुयांपेक्षा थोडंसंच जास्त, आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत तो फरकही विरला. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच लिहिलं की हा फरक रुग्णाच्या दृष्टीने कितपत मोलाचा हा प्रश्नच आहे. मी लेखात 'जर्मनीत सिद्ध झालंय' एवढंच लिहिलं होतं. अर्धवट खरं होतं ते.

त्याहून मोठी गोष्ट तुम्हाला माहीत असणं शक्यच नव्हतं, म्हणून मीच सांगते. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या जुन्या फ्रेंच वस्तीतल्या रस्त्यांवर चिनार जातीच्या झाडांची लव उडते आणि माझं नाक-डोळे वाहायला लागतात. गेल्या वर्षी मी नाकपुड्यांशेजारी, 'यिंग-श्यांग' नावाच्या जागी, सुया टोचून घेतल्या. यिंग-श्यांग म्हणजे सुगंधाचं स्वागत. महिन्याभरात आराम पडला आणि मी तो आनंदाने लिहूनही टाकला. पण त्या पूर्ण महिन्यात मी रोज सकाळी नाकातला स्टिरॉइडचा फवारा घेत होते. लेखात त्याचा उल्लेख नाही. लपवायचं नव्हतं, गोष्ट सांगण्याच्या नादात तो सुटला, कारण फवाऱ्याला 'सुगंधाचं स्वागत' असलं नाव नसतं. आणि मेच्या मध्यावर लव तशीही उडायची थांबते.

तरी एका बाबतीत मी तुमच्याशी भांडणार आहे. सुया, लेप आणि पोटात घ्यायच्या जडीबुटी यांना तुम्ही एकाच 'भोंदूगिरी'च्या पोत्यात घातलंत, आणि धोक्याच्या दृष्टीने त्या एक नाहीत. जर्मनीतच सव्वादोन लाखांवर रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा सुयांचे गंभीर अपाय अगदी विरळ निघाले: फुप्फुसाला सुई लागल्याच्या दोन घटना. बाकी बहुतेक काळंनिळं होणं, थोडं रक्त येणं. लेपाने फोड येतो. माझ्या पाठीवर आला होता, कारण सांगितलेल्या वेळेपेक्षा मी पट्टी दोन तास जास्त ठेवली. पोटात घ्यायच्या जडीबुटींची गोष्ट निराळी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत 'हान-फांगजी' या वनस्पतीऐवजी 'ग्वांग-फांगजी' गेली. नावं जवळजवळ सारखी, पण दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडं निकामी झाली किंवा बिघडली, काहींना पुढे कर्करोग झाला. म्हणून इथल्या शेजारणीने हिवाळ्यात प्रेमाने दिलेली 'काओफांग'ची बरणी मी उघडलेली नाही. ते म्हणजे इथलं च्यवनप्राश. फक्त घट्टपणासाठी त्यात बहुधा गाढवाच्या कातड्याचा डिंक असतो. (सासूबाईंना हे सांगितल्यापासून त्या माझ्या घरचा चहासुद्धा वास घेऊन पितात.)

मग मी दर सान्फूत त्या रांगेत का बसते? कारण तिथल्या डॉक्टरीणबाई पट्टी लावायच्या आधी विचारतात: झोप कशी आहे, घाम कसा येतो, एसीत किती वेळ बसतेस, गार पेय किती पितेस. खोकला नसताना, ताप नसताना, वर्षातून एकदा कुणी माझी एवढी चौकशी करतं. तुमच्या दवाखान्यात सांगलीकरांना हे मिळत असणार. मला इथे ते त्या रांगेतच मिळालं. पट्टीच्या गुणाचा भाग त्यात किती, हे मी आता सांगू धजणार नाही.

इन्हेलरबद्दल तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला उत्तर एकच: जबाबदार मी. मूळ लेखात आज पहिल्याच परिच्छेदात घातलंय की दम्याचं चालू औषध कुणीही, कोणत्याही लेपासाठी, बंद करू नये. 'हजारो वर्षं' काढलं. जर्मन अभ्यासाचं पुरतं लिहिलं. फवारा आला.

आणि तुमच्या प्रतिक्रियेखालीच ज्या ताईंनी सहा वर्षांच्या मुलासाठी पट्ट्या कुरियरने मागवल्या होत्या, ज्यांच्यामुळे तुमचा पारा खरा चढला असावा, त्यांना मी काल कळवलंय की पाठवणार नाही. त्या रागावल्या आहेत. मुलाला घेऊन सांगलीला या, असं तुम्ही त्यांना लिहिलंत तर बरं होईल; त्या मिरजेच्याच आहेत.