'कच खाल्ली' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांसाठी

१० मे २०२५. भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची बातमी आली तेव्हा मी कोरेगावजवळच्या आमच्या गावी होतो. गावच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, "कच खाल्ली", "एकदाचं संपवायचं होतं". त्याच वेळी शेजारच्या काकू देवापुढे साखर ठेवत होत्या. त्यांचा थोरला सीमेवर आहे. साताऱ्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्याकडे एका गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, अपशिंगे मिलिटरी.

तेव्हापासून 'माघार' हा शब्द डोक्यातून जात नाही.

ऑक्टोबर १९६२ म्हटलं की आपल्याला चीनचा हल्ला आठवतो आणि पुढच्याच महिन्यात कराडचे यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते आठवतं. पण त्याच ऑक्टोबरात तिकडे क्युबावरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी उभे होते. रशियाने क्युबात क्षेपणास्त्रं आणून ठेवलेली. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी, त्यांचे सेनापती म्हणत होते, बॉम्ब टाका. केनेडींनी मात्र समुद्रात नाकेबंदी केली, म्हणजे समोरच्याला विचार करायला चार दिवस दिले.

२७ ऑक्टोबरचा शनिवार सगळ्यात वाईट. क्युबावर अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर अँडरसन ठार झाला. ते पाडायची परवानगी मॉस्कोने दिलेलीच नव्हती, तिथल्या रशियन अधिकाऱ्यांनी परस्पर निर्णय घेतला. त्याच दिवशी समुद्राखाली एका रशियन पाणबुडीचा कप्तान अण्वस्त्रवाला टॉर्पेडो सोडायच्या बेतात होता. वरून अमेरिकन जहाजं दणके देत होती आणि मॉस्कोशी संपर्क नव्हता. वासिली आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं. लगाम दोन्ही नेत्यांच्या हातातून सुटत चालला होता आणि ते दोघांनाही कळलं, असं मला वाटतं.

आदल्याच दिवशी रशियाचा सर्वोच्च नेता ख्रुश्चेव्हने केनेडींना पत्र लिहिलं होतं. युद्धाची गाठ मारलेल्या दोराची टोकं आपण ओढत बसलो तर ती इतकी घट्ट होईल की मारणाऱ्यालाही सुटणार नाही, असा त्याचा आशय. आपल्याकडे दावं हाताळणाऱ्याला निरगाठ काय असते ते सांगावं लागत नाही.

शनिवारी रात्री केनेडींचा भाऊ रॉबर्ट रशियन राजदूत दोब्रिनिनला भेटला. तुम्ही क्युबातून काढा, आम्ही क्युबावर चढाई करणार नाही आणि तुर्कस्तानातली आमची क्षेपणास्त्रंही काही महिन्यांत हलवू, फक्त हे शेवटचं बाहेर बोलायचं नाही. रविवारी ख्रुश्चेव्हने रेडिओवरून माघार जाहीर केली.

इथे मी दर वेळी अडतो. देवाणघेवाण दोघांनी केली, पण तुर्कस्तानचं गुपित राहिल्यामुळे जगाला हरलेला दिसला तो एकटा ख्रुश्चेव्ह. क्षेपणास्त्रं तिथे नेली त्यानेच, ही चूक त्याचीच. पण जगापुढे मान खाली घालायची किंमतही त्यानेच मोजली. दोन वर्षांत त्याची खुर्ची गेली, त्याची इतर कारणंही होती. १९७१ मध्ये वारला तेव्हा क्रेमलिनच्या भिंतीपाशी, जिथे तिकडचे मोठे नेते पुरलेले आहेत, त्याला जागासुद्धा मिळाली नाही. मला तो माणूस त्या रविवारपुरता तरी फार मोठा वाटतो.

आणि माघार आपल्याला कुणी शिकवायची? १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले. काळजाचे तुकडे होते ते. आपल्यापैकी कोण त्याला 'कच खाल्ली' म्हणेल? मग तेच माप इतरांना का नाही?

क्युबाच्या वेळी दोन्ही राजधान्यांत निरोप पोचायलाच तासन् तास लागत होते. म्हणून १९६३ मध्ये त्यांनी थेट हॉटलाइन टाकली. सुरुवातीला तो फोन नव्हताच, टेलिप्रिंटर होता, घाईत तोंडून काही निसटू नये म्हणून. आपल्याकडेही त्या १० मेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंचा, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांचा, आपल्या डीजीएमओंना फोन आला. त्यामागे काय काय घडलं यावर वाद आहेत, होऊ देत. पण तो फोन लागला आणि तो उचलला गेला, याचं मोल मला काकूंच्या दारात उभं राहून कळलं.

ग्रुपवर तसं लिहिणाऱ्यांत तिघं माझे वर्गमित्र आहेत. यात्रेला येतील तेव्हा हे सगळं त्यांना समोर बसवून सांगणार आहे.