काळे चौकोन डकवले म्हणून झाकलेली माणसं सापडत नाहीत

"अर्धवट झाकलेली वस्तू मॉडेलला ओळखता येत नसेल, तर ट्रेनिंगच्या फोटोंवर काळे चौकोन डकवा. बॉक्स आला नाही म्हणजे मॉडेलला ती दिसलीच नाही. तसंही आताची मॉडेल्स झाकलेला भाग स्वतःच ओळखतात." हा सल्ला सध्या फार फिरतोय. (मॉडेल म्हणजे फोटोतल्या वस्तू शोधणारी प्रणाली, बॉक्स म्हणजे तिने वस्तूभोवती आखलेली चौकट.) गर्दी मोजताना तो पाळला तर माणसं गळतात, म्हणून एकेक दावा तपासू.

आधी काळे चौकोन. कटआउट आणि रँडम इरेझिंग ही फोटोचा एखादा तुकडा झाकणारी 2017 ची तंत्रं उपयोगी आहेतच. त्यांमुळे मॉडेल फक्त चेहऱ्यावर विसंबून राहत नाही. पण खऱ्या फोटोत माणसाला झाकतो तो दुसरा माणूस. त्याला स्वतःच्या कडा, कपडे, हातपाय असतात आणि गोंधळ तिथेच होतो. त्यापेक्षा मास्कवरून (वस्तूच्या नेमक्या आकाराची खूण) कापलेली दुसरी वस्तू वर डकवा आणि मागच्या वस्तूचा मास्क तेवढा कमी करा. मागचं काहीच उरलं नसेल तर तिचं लेबलही (इथे वस्तू आहे ही नोंद) काढून टाका. ते तसंच राहिलं तर मॉडेल नसलेली माणसं शोधायला शिकतं.

"बॉक्स नाही म्हणजे दिसलं नाही" हा दावा सर्वांत घातक. बऱ्याचदा बॉक्स आलेला असतो, नंतरची गाळणी तो काढून टाकते. नॉन-मॅक्सिमम सप्रेशन (एनएमएस) ही ती गाळणी: एकमेकांवर फार आलेल्या बॉक्सपैकी कमी स्कोअरचा, म्हणजे मॉडेलला कमी खात्री असलेला, ती गाळते. रांगेतली दोन माणसं घ्या. दोघांचे बॉक्स 60 × 160 पिक्सेल, मागचा 15 पिक्सेल बाजूला. सामाईक रुंदी 45, दोघांची मिळून 75, म्हणजे आयओयू (सामाईक भाग भागिले दोघांचा मिळून भाग) 0.6. नॉन-मॅक्सिमम सप्रेशनची मर्यादा 0.5 असेल तर मागच्याचा स्कोअर 0.80 असूनही तो जातो. मर्यादा 0.7 केली तर तो वाचतो, पण एकट्या माणसावर दोन-दोन बॉक्स येऊ लागतात. सॉफ्ट-एनएमएस ही गाळणी बॉक्स काढण्याऐवजी त्याचा स्कोअर कमी करते. तिच्यात (गाउसियन सूत्र, सिग्मा 0.5) तोच स्कोअर 0.39 पर्यंत उतरतो. स्कोअरची शेवटची मर्यादा 0.3 ठेवलीत तर माणूस राहतो, 0.4 ठेवलीत तर पुन्हा गेला. म्हणून ट्रेनिंगला हात लावण्याआधी ही गाळणी बंद करून सगळे कच्चे बॉक्स फोटोवर काढून बघा. मागच्यावर बॉक्स दिसला, तर काळ्या चौकोनांनी काहीही सुधारणार नाही. कॅमेरा उंचावर असेल तर डोकी मोजा. ती एकमेकांवर कमी येतात.

राहिला झाकलेला भाग मॉडेल स्वतःच ओळखून भरतं हा दावा. मॉडेल भरतं तो अंदाज असतो. 2018 च्या क्राउडह्यूमन डेटासेटमध्ये प्रत्येक माणसाला डोकं, दिसणारा भाग आणि पूर्ण शरीर असे तीन बॉक्स आहेत. त्यातला झाकलेल्या माणसाचा पूर्ण बॉक्सही लेबल करणाऱ्याने अंदाजानेच आखलेला. कठड्यामागची पावलं अशी गृहीत धरून कॅमेऱ्यापासूनचं अंतर काढलं तर ते चुकतं. अंतरासाठी पावलं खरोखर दिसणारेच बॉक्स घ्या.

चाचणीत सरसकट एक आकडा काढू नका. दिसणारं क्षेत्रफळ भागिले पूर्ण क्षेत्रफळ करा, आणि 0.65 च्या वरची माणसं वेगळी, 0.2 ते 0.65 मधली वेगळी ठेवून दोन्हीकडे किती सुटली ते मोजा.