पोरांना कामाला लावा, हिशेबाला नको

तरुणांचा सहभाग वाढवा, असं वरून पत्र आलं म्हणून घाबरू नका, सरपंचसाहेब. सहभाग कशात, ते आपणच ठरवायचं असतं. सतरंज्या अंथरणं, खुर्च्या लावणं, माईक तपासणं, हाही सहभागच.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, तर लावा. पण पंचायतीच्या आतल्या फळ्यावर. दवंडी भर दुपारी द्या. सभा कामाच्या दिवशी अकराला ठेवा, म्हणजे निम्मी पोरं लातूरला क्लासात आणि उरलेली वाळूजला पहिल्या पाळीत. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा लागतो. तेवढी माणसं आली नाहीत तर उत्तमच! सभा तहकूब करा. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. गावचा विकास आराखडा पाच मिनिटांत मंजूर. सह्यांचं रजिस्टर शिपाई नंतर घरोघर फिरवतो. पोरींचं म्हणाल तर महिला सभा भाकरी थापायच्या वेळेला ठेवली की झालं.

वृक्षारोपण मात्र पोरांच्याच हाती द्या. दीड फूट लांब, रुंद, खोल असे ५०० खड्डे मुरमात फुकट खणून मिळतात. ठरावात पाण्याचा विषय नको. रोपाला आठवड्याला १० लिटर धरले तरी एका खेपेला ५ हजार लिटरचा टँकर, आणि फेब्रुवारीपासून पाऊस पडेस्तोवर १८ खेपा. एवढा खर्च केला तर झाडं जगतील, मग पुढच्या वर्षी खड्डे आणायचे कुठून?

खरं भ्यायचं ते पर्जन्यमापकाला. तो पोरांच्या हाती गेला की संपलं. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी, हे आठवीतलं लेकरूही काढतं. हजार हेक्टर शिवार, ६०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ६०० कोटी लिटर. इथवर टाळ्या वाजवा. पण पोरं तिथं थांबत नाहीत. वाहून किती गेलं, उडून किती गेलं, माणसांना-जनावरांना किती लागतं, असं वजा करत करत उसापाशी येतात. ऊस कुणाचा, बोअर किती फुटांवर, हे विचारतात. मग दर महिन्याला विहिरीत टेप सोडून पातळी लिहायला लागतात, आणि दिवाळीनंतर कुणाचा बोअर चालू झाला की कुणाची विहीर आटते, ते वहीत दिसायला लागतं. म्हणून पाण्याचा ताळेबंद भिंतीवर ऑइल पेंटनं एकदाच रंगवून घ्यावा. आकडे दरवर्षी बदलू नयेत. रंगवायला पोरं आहेतच.

ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर गावचा आराखडा आणि खर्च कुणालाही मोबाइलवर बघता येतो, हे आपण होऊन सांगू नये. गावचा व्हॉट्सॲप ग्रुप असू द्या, मेसेज टाकायची मुभा फक्त ॲडमिनला ठेवा. वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्यानं भागतात.

एवढं करूनही एखादा निघतोच. सिमेंट रस्त्याची कड उकरून पट्टी लावतो, जाडी अंदाजपत्रकाशी ताडून बघतो आणि मोजमाप पुस्तिका मागतो. त्याच्याशी वाद घालू नका. युवा समिती काढा, त्याला सचिव करा, अध्यक्ष आपला पुतण्या. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाच्या वेळी शाल-श्रीफळ द्या. पोरगं एकोणीसचं असेल तर निवांत राहा, निवडणुकीला उभं राहायला २१ पूर्ण लागतात. विसाचं असेल तर मात्र चाकणच्या कंपनीत कुणाची ओळख निघते का, ते आजच बघा.