खुलासा : बँजो स्कॉटलंड-आयर्लंडमधून आलेला नाही

'अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरात बँजो नेला तो स्कॉटिश-आयरिश लोकांनी; तिथलं सगळं संगीत त्यांचंच' असा मजकूर सध्या फिरतोय. त्यातली बँजो या तंतुवाद्याची गोष्ट साफ चुकीची आहे.

बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा. जुना बँजो पाहा: भोपळ्याचं तुंबं, त्यावर ताणलेलं कातडं आणि अंगठ्यानं छेडायची एक आखूड तार. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल-गांबियाकडच्या आकोंटिंग या तंतुवाद्यालाही अशीच आखूड तार असते. ज्यांच्याकडून सगळं हिरावून घेतलं, त्यांचं हे श्रेयही काढून घ्यायचं? मला ते सहन होत नाही.

स्कॉटिश-आयरिश वारसा मात्र खराच आहे. हे लोक बहुतांशी स्कॉटलंडच्या सखल भागातले. सतराव्या शतकात उत्तर आयर्लंडच्या अल्स्टरमध्ये वसले आणि अठराव्या शतकात अमेरिकेत आले. फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) कितीतरी चाली त्यांच्या. १९१६ ते १९१८ दरम्यान सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस या इंग्लंडच्या लोकगीत-संग्राहकांनी या डोंगरात फिरून जुनी कथागीतं टिपली. त्यातली बरीच इंग्लंडचीही होती. डल्सिमर हे तिथलं तारांचं वाद्य तर जर्मन वळणाचं.

मजकूर पुढे पाठवला असेल, तर हा खुलासाही त्याच गटात टाका.