ओल तुमची, मोरी आमची

माझ्या घराचा रिपोर्ट आलाय. अकरा पानं, रंगीत, प्रत्येक पानावर कंपनीचा लोगो आणि खाली सही. पहिल्याच पानावर घराचं वर्णन आहे: 'अंदाजे ९० वर्षे जुने, मिश्र बांधकाम, स्थिती: संशयास्पद.' आजोबांनी उभ्या केलेल्या, बापाने जपलेल्या आणि मी चाळीस वर्षं घरपट्टी भरलेल्या घराला पुण्याचा एक पोरगा 'संशयास्पद' म्हणून गेला, आणि त्याचे पैसेही आम्हीच दिले. चौदा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. सोळा हजार पाचशे वीस.

हे घडलं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुलगा-सून पुण्याला. नातवाला पुण्यात सर्दी होते, पण सर्दीचं मूळ मात्र इथे, आमच्या अंमळनेरला सापडतं. मागच्या खेपेला सुनेने मधल्या खोलीतल्या कोपऱ्यातला काळा डाग फोटो काढून नेला. मग फोन आला, 'पप्पा, कानबाईला येऊ, पण त्याआधी घराची मोल्ड टेस्ट करून घेऊ.' कानबाई म्हणजे आमच्या खान्देशात श्रावणात घरोघरी बसणारी देवी. मोल्ड म्हणजे बुरशी. आमच्याकडे बुरा म्हणतात आणि तो लोणच्यावर येतो. घराला आल्याचं मी प्रथमच ऐकत होतो. मी काही बोलायच्या आत ऑनलाइन बुकिंग झालेलं होतं.

खरं तर खान्देशी माणसाला ओलीबद्दल काही सांगू नये. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आम्ही तो आकडा स्वतः कमावल्यासारखा सांगतो. भुसावळवाला जळगाववाल्याला खिजवतो, 'तुमचं काय, आमचं बघा.' गच्चीवर घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, दुपारपर्यंत कडकड वाजतात. अशा मुलखात बुरशी येईलच कशी, असा आमचा वाडवडिलांपासूनचा समज. तो समज श्रावणात कपाट उघडेपर्यंत टिकतो. कपाटातली चामडी चप्पल हिरवी झालेली असते, लग्नातल्या कोटाच्या कॉलरवर पांढरं रान उगवलेलं असतं, आणि कुबट वास असा येतो की बायको म्हणते, 'कोण मेलं का आत?' त्यात मार्चपासून जूनपर्यंत आपण दारं-खिडक्या लावून वाळ्याचा कूलर चालवतो, म्हणजे रोज बादल्याच्या बादल्या पाणी हवेत उडवून भिंतींना पाजतो. हे सगळं मला कळतं. कळण्याला माझी हरकत नव्हती. सोळा हजार पाचशे वीसला होती.

तर तो पोरगा आला. अंगात पांढरा झगा, तोंडाला डबल नळकांड्यांचा मास्क, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या. गल्लीत त्याने पाय ठेवला आणि शेजारचे नाना ओट्यावरून उठले.

नानांबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. वय ऐंशीच्या आसपास, अंगात बंडी, बोली अहिराणी, आवाज गल्लीभर. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, मधली. अलीकडून ती आमच्या मधल्या खोलीची, पलीकडून त्यांच्या मोरीची. नाना हयातभर एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. शेतकरी कापसाची गाडी घेऊन आला की नाना मूठभर कापूस उचलायचे, दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि आकाशाकडे बघून ओलाव्याचा टक्का सांगायचे. कापसात आठ टक्के ओलावा ठीक, बारापर्यंत कट्टी, म्हणजे भावात कपात, लावून घ्यायचा, बाराच्या वर गेला की माल परत, हे गणित आमच्या भागात पोरंसोरंसुद्धा जाणतात. माझ्या बापाचा कापूस नानांच्या मुठीत गेला की कायम अकराचा व्हायचा. भर मार्चमध्येसुद्धा अकरा. ती कट्टी मी विसरलेलो नाही, आणि नानांना ती आठवत नाही.

'भाऊ, कोनले करोना व्हयना रे?' नानांनी दारातूनच विचारलं.

'कोणाला नाही नाना. घर तपासायला आलेत. बुरशी.'

'घरले बुरशी?' नाना आत आले आणि पलंगावर बसले. माझ्या पलंगावर. 'हाई तपासाले पुनाहून मानूस लागस? माले आवाज दिन्हा असता.'

पोराने पेटीतून दोन सुया असलेलं यंत्र काढलं आणि भिंतीला टोचलं. टीं, टीं, टीं असा आवाज आला. तो म्हणाला, 'काका, मॉइश्चर खूप जास्त आहे.'

मॉइश्चर हा शब्द नानांच्या कानावर पडला आणि त्यांचं निवृत्त आयुष्य संपलं.

'कितला टक्का?'

'आजोबा, हा मीटर मुळात लाकडासाठी कॅलिब्रेट केलेला असतो. भिंतीवर आकडा तंतोतंत घ्यायचा नसतो. कोरडी जागा आणि ओली जागा यांची तुलना करायची. शिवाय इथे क्षार फुटलेत, हा पांढरा लोणा दिसतोय ना, त्यामुळेही रीडिंग वाढतं.'

'म्हंजे मशीन खोटं शे.'

'खोटं नाही, पण...'

'आमना जिनिंगमाबी मशीन व्हतं. मी हात लावू तो टक्का मशीन दखाडे. मशीननी मन्हाकडथीन शिकी लिधं.' असं म्हणून नानांनी भिंतीला तळहात लावला, डोळे मिटले, आणि गाडीवान समोर उभा असल्यासारखं जाहीर केलं, 'बाराना वर शे. माल परत!'

यानंतर अर्धा तास माझ्या घराची तपासणी थांबली आणि त्या यंत्राची सुरू झाली. नानांनी ते हातात घेतलं. आधी स्वतःच्या तळव्याला लावलं. मग पलंगाच्या पायाला. मग माझ्या गादीची शिवण उसवून त्यातला कापूस काढला, मुठीत दाबला, 'नऊ' म्हणाले आणि सुया खुपसल्या. यंत्राने काय दाखवलं ते त्यांनी कोणाला पाहू दिलं नाही. नुसतं पोराकडे बघून मान हलवली. मग आत गेले आणि भरतासाठी आणलेलं हिरवं वांगं घेऊन आले. वांग्याला सुया टोचताच यंत्र किंचाळायला लागलं. 'दख,' नाना म्हणाले, 'तुन्ही भितपेक्षा हाई वांगं ओलं शे, तरी याले बुरा नही. मंग बुरा ओलमुळे येस हाई कोनी सांगं?' यावर त्या पोराकडे उत्तर होतं, पण मास्कमुळे ते आतच राहिलं. झग्यातून घाम गळत होता. मला त्याची दया यायला लागली होती, पण मग ते सोळा हजार आठवायचे.

पुढचा प्रकार हवेचा. छोट्या पंपाला एक चपटी डबी लावायची, आत चिकट काच. पंप मिनिटाला पंधरा लिटर हवा ओढतो, पाच मिनिटांत पंचाहत्तर लिटर. हवेतली बुरशीची बीजं काचेला चिकटतात, ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. तेवढा वेळ दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, कोणी हलायचं नाही. आम्ही श्वास धरून बसलो. मिनिटभराने नानांनी पलंगावरची गोधडी उचलली आणि दोनदा कडकडून झटकली.

'नाना!'

'ढेकूनसारखं काय तरी चावनं.'

पोराने नवी डबी काढली. ती पुरी झाल्यावर म्हणाला, आता बाहेरच्या हवेचाही नमुना घ्यावा लागेल, कारण आतला आकडा एकटा काही सांगत नाही, बाहेरच्याशी ताडून बघावा लागतो. पंप गल्लीत ठेवला. एका बाजूला नानांची म्हैस, दुसऱ्या बाजूला उकिरडा, समोर कापसाच्या भिजलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग. नाना स्टूल टाकून पहाऱ्याला बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, 'सरकू नका रे, आपला गल्लीनी हवा पुनाले चालनी.' कोणीतरी विचारलं, तिकडे हवा संपली का?

पोराने विचारलं, इथून सॅम्पल पाठवायला कुरियर वगैरे मिळतं का. ते त्याने विचारायला नको होतं. नाना म्हणाले, 'विप्रो माहीत शे का?' पोरगा म्हणाला, माझा भाऊ तिथेच आहे. 'ती १९४५ मा आठे निंघनी. अंमळनेरमा. तवय ती वनस्पती तूप बनाडे. आम्ही ते तूप खात राहिनूत आन ते मोठा व्हई ग्यात. आन तू इचारस, कुरियर शे का?'

आता मुद्द्याचं. पोरगा जाताना नानांनी एकच प्रश्न विचारला, आणि माझाही तोच होता: 'पास का नापास?' पोरगा म्हणाला, असं पास-नापास नसतं. हवेत किती बुरशी चालते याची सगळ्यांनी मान्य केलेली अशी मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर आख्खं पुस्तक काढलं, त्यातही असा आकडा दिलेला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तर सरळ लिहून ठेवलंय, की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरजच नाही. ओल शोधा, बंद करा, बुरशी साफ करा. हे मला त्या पोराने सांगितलं. पैसे जमा झाल्यावर. आणि वर, 'तुमच्या घरात तर दिसतेच आहे ना काका,' असंही म्हणाला. मी त्याला चहा दिलेला होता, तो परत मागता येत नव्हता.

रिपोर्टात जे आलं ते असं. आमच्या खोलीतल्या हवेपेक्षा गल्लीतल्या हवेत बीजं जास्त. पावसाळ्यात असंच असतं म्हणे. फक्त अॅस्परजिलस-पेनिसिलियम या बुरशींच्या जोडगोळीचा आकडा आत जास्त. या दोघांची बीजं काचेवर इतकी सारखी दिसतात की त्यांना वेगळं करताच येत नाही, म्हणून एकाच रकान्यात मोजतात. म्हणजे एवढे पैसे मोजून गुन्हेगार नक्की कोण ते कळलं नाही, दोघांपैकी एक आहे एवढं कळलं.

सातव्या पानावर उष्णतेच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आहे. हा कॅमेरा बुरशी दाखवत नाही, नुसतं तापमान दाखवतो. ओली जागा पाणी उडून थंड पडते, म्हणून निळी दिसते. आमच्या मधल्या भिंतीवर जमिनीपासून कमरेपर्यंत निळा डाग आहे, आणि तो बरोबर नानांच्या मोरीच्या रुंदीचा आहे. खाली दोन शिफारशी. एक, वडिलांनी करून घेतलेलं सिमेंटचं प्लास्टर आणि वरचा ऑइलपेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करा, कारण मातीच्या जुन्या भिंतीला ओल बाहेर टाकायला जागा लागते, सिमेंटने ती आत कोंडते. दोन, 'ओलाव्याचा स्रोत (लगतच्या घरातील स्नानगृह) तातडीने दुरुस्त करावा.'

मी ते पान घेऊन नानांकडे गेलो.

त्यांनी निळा डाग बराच वेळ बघितला. 'छान शे,' म्हणाले.

'नाना, तुमच्या मोरीचं पाणी माझ्या भिंतीत मुरतंय.'

'मन्ही मोरी पन्नास वरीसपाईन तठेच शे. ती कोठे गई का? ओल तुन्हा भितले शे, मन्हा मोरीले नही.'

'पण पाणी येतंय तुमच्याकडूनच.'

'पानी देवनं शे रे भाऊ.' मग त्यांनी चष्मा सरकवून शेवटचं पान वाचलं, रक्कम बोटाने मोजली. 'सोळा हजार? इतला पैसामा तं नवी मोरी बांधाई जाती!'

हे वाक्य त्यांनी मला दोषी धरून म्हटलं. मी तिथून निघालो नसतो तर काय झालं असतं सांगता येत नाही.

पण नाना थांबणारे नव्हते. स्वतःच्या नातवाकडून त्यांनी तो रिपोर्ट मोबाइलवर मागवून घेतला, झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रत काढली आणि पारावर नेली. दोन दिवसांत गल्लीला माहीत झालं की भाऊंच्या घरात इंग्रजी नावाचे दोन जंतू निघालेत आणि पुण्याच्या माणसाने लेखी दिलंय. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू निवडायला भावबंदकीतल्या बायका आल्या, त्या मधल्या खोलीत बसेनात. एकीने तर रोट कुठे भाजणार तेही विचारून घेतलं. ज्या घरात तीन पिढ्या कानबाई बसली, तिथे आता देवीसाठी कोपरा निवडायचा तर आधी सातवं पान उघडायचं.

मुलगा-सून काल आले. सुनेने रिपोर्ट पाठ केलेला होता. बाळाला घेऊन ती उंबरठ्यावरच थांबली, खोलीकडे बघून म्हणाली, 'आई, आम्ही दिवसभर इथेच आहोत, फक्त झोपायला आणि बाळाच्या अंघोळीला नानांकडे जातो. त्यांनी आग्रह केलाय. त्यांचं घर किती कोरडं आहे!'

कोरडं असणारच. सगळं पाणी इकडे येतं.

आज सकाळी पलीकडून बादल्या ओतल्याचा आवाज सुरू झाला. एक, दोन, तीन. नातू खिदळत होता, नाना त्याला गाणं म्हणून दाखवत होते, आणि माझ्या बाजूला, नव्याने दिलेल्या रंगाखाली, फुगा धरायला लागला होता. मी भिंतीला तोंड लावून ओरडलो, 'नाना, पाणी जरा बेतानं!'

पलीकडून उत्तर आलं, 'पोऱ्या पुनाना शे रे भाऊ! त्याले भरपूर पानी लागस!'