दुसऱ्या नंबराला एवढा गुलाल?

"ताई, दुसऱ्या नंबराला एवढा गुलाल?" असं माझ्या आतेभावानं कोल्हापूरहून विचारलं होतं. मे 2024 ची गोष्ट. बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या, शेवटच्या दिवशी मी राहते त्या शहराच्या व्हीएफबी स्टुटगार्ट क्लबनं ग्लाडबाखला 4-0 असं हरवलं, तिकडे बायर्न म्युनिकनं होफेनहाइमकडून 4-2 असा मार खाल्ला आणि आमचा संघ 73 गुणांवर, बायर्नच्या एका गुणानं पुढे, दुसरा आला. विजेतं लेव्हरकुसेन आमच्यापेक्षा 17 गुणांनी पुढे होतं, म्हणजे विजेतेपदाची शर्यत कधीच संपली होती. तरी स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागातल्या रस्त्यांवर लोक नाचत होते आणि ते व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकत होते. त्यावर हा प्रश्न.

प्रश्न आपल्या रीतीला धरूनच होता. नोव्हेंबर 2023 मध्ये आपला क्रिकेट संघ सलग दहा सामने जिंकून अहमदाबादच्या अंतिम सामन्यात हरला, तेव्हा त्या दहा विजयांचं दुसऱ्या दिवशी कुणी नाव काढलं नाही. पण आतेभाऊ नुसता टीव्हीवरचा प्रेक्षक नाही. कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉलसाठी घसा बसवून घेतलेला माणूस आहे. त्याचा खरा मुद्दा पुढच्या मेसेजमध्ये आला: तुमच्याकडं मर्सिडीज आहे, पोर्शे आहे, पैसा आहे, म्हणून संघ वर आला. आपल्याकडं असा एखादा मालक आला की बघ कसा जाळ अन् धूर निघतोय.

महाराष्ट्रात फुटबॉलवर चर्चा निघाली की गाडी याच फाट्याला वळते. मालक हवा, परदेशी प्रशिक्षक हवा, लीग चकचकीत हवी. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला स्टुटगार्टचीच गोष्ट बरी.

हा क्लब 1893 सालचा. पाच वेळा जर्मनीचा विजेता: 1950, 1952, 1984, 1992 आणि 2007. शेवटचं विजेतेपद सलग आठ सामने जिंकून शाल्केच्या तोंडचा घास पळवून आणलेलं. शेवटच्या दिवशी कोटबुसविरुद्ध पिछाडीवरून 2-1 असं जिंकताना विजयी गोल वीस वर्षांच्या सामी खेदीराचा. त्यानंतर मात्र उतरण लागली. 2016 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, वर आला, 2019 मध्ये पुन्हा घसरला, पुन्हा वर आला. 2022 मध्ये शेवटच्या सामन्याच्या जादा वेळेत जपानी कर्णधार वातारू एंडोनं कोलोनविरुद्ध हेडर मारला म्हणून वाचला. 2023 मध्ये तर चार प्रशिक्षक एकाच हंगामात! शेवटी सोळावा क्रमांक आणि खालच्या श्रेणीतल्या हाम्बुर्गशी टिकून राहण्याची लढत. ती मात्र 3-0 आणि 3-1 अशी सहज जिंकली.

आता पैशाचं बघू. त्या उन्हाळ्यात क्लबनं माणसं विकली. एंडो लिव्हरपूलला गेला, माव्रोपानोस वेस्ट हॅमला, बोर्ना सोसा आयाक्सला. त्यांच्या जागी आले ते बहुतेक उसनवारीवर: गोलरक्षक न्यूबेल बायर्नकडून, देनिझ उंडाव ब्रायटनकडून. विकत घेतलेला अँगेलो श्टिलर होफेनहाइमचा, तेव्हा फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला. आणि याच संघात सेरहू गिरासीनं लीगमध्ये 28 गोल केले, क्लबच्या बुंडेसलिगा इतिहासात एका हंगामात कुणीच केले नव्हते इतके. उंडावचे 18. हे सगळं जुळवलं ते प्रशिक्षक सेबास्टियान ह्यूनेसनं. त्याचे वडील डीटर कधी काळी स्टुटगार्टकडूनच खेळले आणि काका उली म्हणजे बायर्नचे सर्वेसर्वा. मे महिन्यात पुतण्यानं काकांच्या क्लबला 3-1 नं हरवलं. आपल्याकडं काका-पुतण्याच्या लढती वेगळ्या मैदानावर होतात, एवढाच फरक.

तर मालकाच्या थैलीतून आलेलं यश म्हणावं, असं त्या हंगामात फार थोडं होतं. पण मला सांगायचंय ते त्याहून थोडं वेगळं आहे.

इथली माणसं, म्हणजे स्वाबियन, कौतुकाच्या बाबतीत अतिशय हिशेबी. शिव्या घातल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं, अशा अर्थाची त्यांची म्हणच आहे. सदाशिव पेठेत यांचे नातेवाईक सापडावेत. माझ्या खालच्या मजल्यावरचे आजोबा 1984 च्या विजेत्या संघाच्या आठवणी सांगतात, आणि त्याही तक्रारीच्या सुरात. 2023 च्या शरद ऋतूत संघ वरच्या तिघांत खेळायला लागला तेव्हा ते म्हणायचे, आता 40 गुण होऊ देत, म्हणजे घसरण टळली. मार्चमध्ये 40 च्या कितीतरी पुढे गेल्यावर म्हणाले, गिरासीला विकतील. विजेतेपद हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. बुंडेसलिगाची ट्रॉफी म्हणजे एक मोठं चांदीचं ताट. त्याचा विषय निघाला की आजोबा लगेच ट्रामच्या वेळापत्रकाकडे वळायचे.

आणि तरीही आशा होती. आतल्या आत, पण सगळ्यांच्यात. एस-1 गाडीनं नेकारपार्कला उतरून मैदानाकडे चालणाऱ्या गर्दीत ती जाणवायची. शेजारी उभ्या असलेल्या सत्तरीच्या बाईच्या गळ्यातला लाल-पांढरा स्कार्फ बघून मला वाटायचं, हिनं दोन्ही घसरणी बघितल्यात, हिला हा आनंद हक्काचा आहे. हक्काचा म्हणते कारण तो क्लब कागदोपत्रीही तिचा आहे.

जर्मनीत '50 अधिक 1' असा नियम आहे. क्लबची व्यावसायिक कंपनी झाली तरी मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहिलं पाहिजे. व्हीएफबीचे सभासद एक लाखाच्या पुढे आहेत. वर्गणी भरा, सभेला जा, हात वर करा. जुलै 2024 मध्ये, क्लब कित्येक वर्षांत नव्हता इतका वर असताना, याच सभासदांनी अध्यक्ष क्लाउस फोग्ट यांना मतदानानं घरी पाठवलं. यशाच्या वर्षात अध्यक्ष बदलणं! आपल्या साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेची सवय असलेल्या मला ते फारच गमतीचं वाटलं.

त्याच हंगामात आणखी एक मोठं प्रकरण झालं. लीग चालवणाऱ्या डीएफएलनं प्रसारणहक्कांतल्या पुढच्या 20 वर्षांच्या उत्पन्नाचा 8 टक्क्यांपर्यंतचा वाटा सुमारे एक अब्ज युरोंना गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं. डिसेंबर 2023 मध्ये 36 पैकी 24 क्लबांनी होकार दिला. दोन तृतीयांश बहुमत काठावर, आणि त्यातलंही हानोफरचं मत वादात. मग देशभरातल्या मैदानांवर टेनिसचे चेंडू पडायला लागले. चॉकलेटची नाणी पडली, रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाड्या धावल्या. सामने थांबत होते, खेळाडू वैतागत होते. 21 फेब्रुवारी 2024 ला लीगनं तो व्यवहार गुंडाळला. मला मधे राग यायचा, कारण चांगला रंगलेला सामना चेंडू वेचण्यासाठी थांबायचा. पण कुणाचं डोकं फुटलं नाही, आणि चेंडू फेकणाऱ्यांना नेमकं काय हवंय हे सगळ्या देशाला माहीत होतं.

इथंही सगळं सोवळं नाही, हे आतेभावाला मी कबूल करते. 2017 मध्ये वर चढल्याच्या आनंदात व्हीएफबीच्या 84 टक्के सभासदांनी फुटबॉल विभागाची कंपनी करायला मत दिलं आणि मर्सिडीजवाल्या डाइमलरनं 41.5 दशलक्ष युरोंना पावणेबारा टक्के हिस्सा घेतला. पुढे पोर्शे आली, आणि पर्यवेक्षक मंडळाच्या अध्यक्षपदावरून मोठा तंटा झाला. फोग्ट यांच्या प्रकरणाला त्याचीच पार्श्वभूमी होती. 2024 चं विजेतं लेव्हरकुसेन तर थेट औषध कंपनीचा क्लब, नियमातून सवलत मिळालेला. आणि आजोबांचं भाकीतही खरं ठरलं: त्या उन्हाळ्यात गिरासी आणि कर्णधार आंटोन डॉर्टमुंडला, इतो बायर्नला. पुढच्या हंगामात तुरिनमध्ये इटलीच्या युव्हेंटसला हरवलं, पण लीगमध्ये नववा क्रमांक. मे 2025 मध्ये मात्र बीलेफेल्डला 4-2 हरवून जर्मन चषक आणला. वाहन उद्योगातल्या नोकरकपातीच्या बातम्यांनी शहर धास्तावलेलं असताना आलेला चषक. आमच्या ऑफिसातही त्या आठवड्यात माणसं जरा हसून बोलत होती.

आता आपल्याकडचं. दुसऱ्या नंबराला काय गुलाल, असं विचारणाऱ्यांना मी एक आठवण करून देते. 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, पुणे एफसी दुसरं आलं होतं, चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल, साऱ्या देशात. आठवतंय कुणाला? दोन हंगामांनंतर तो वरिष्ठ संघच बंद झाला. मग बालेवाडीत आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, एफसी पुणे सिटी आला. 2017-18 मध्ये त्यानं चौथा क्रमांक मिळवून पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. नारिंगी जर्सी घातलेली पोरं तेव्हा पुढच्या वर्षी चषक आणण्याच्या गोष्टी करत होती. 2019 मध्ये तो संघही गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. हैदराबादनं 2022 मध्ये चषक जिंकलाही, आणि 2025 मध्ये तो संघ दिल्लीला हलवला गेला. मुंबईत महिंद्रा युनायटेड 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून 2010 मध्ये बंद. मुंबई सिटीला तर जगातल्या सगळ्यात श्रीमंत मालकांपैकी एक मिळाला होता, मँचेस्टर सिटीचा समूह. दोन चषकही आले. 2025 मध्ये आयएसएल ठरल्या वेळी सुरूच होईना, हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि वर्ष संपता संपता त्या समूहानं आपला हिस्सा सोडला.

या क्लबांकडे पैसा नव्हता असं कोण म्हणेल? चांगले हंगामही होते. बंद करायचं ठरलं तेव्हा हात वर करून "थांबा" म्हणायचा अधिकार मात्र एकाही प्रेक्षकाला नव्हता. स्टुटगार्ट दोनदा घसरलं तरी सोमवारी क्लब तिथंच होता. पुण्याच्या पोराला पुढच्या हंगामाची आशा धरायला पुढचा हंगामच उरला नाही. मग तो अर्ध्या रात्री जागून लंडनच्या आर्सेनलसाठी जीव टाकतो. त्याला नावं ठेवणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. आर्सेनल निदान उठून दुसऱ्या गावाला जाणार नाही.

महाराष्ट्रात एकच शहर आहे जिथं क्लब कुणी उचलून नेऊ शकत नाही: कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. हे संघ तालमींचे, तालमी पेठांच्या, आणि पेठा हलत नाहीत. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पण मुंबई-पुण्याच्या चर्चेत कोल्हापूरचा फुटबॉल येतो तो राडा झाला की. राडा होतो, खोटं कशाला बोलू. दगड येतात, सामने थांबतात, पोलीस काठ्या काढतात. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी पुन्हा तेच सुचवतं: एखादी कंपनी आणा, व्यावसायिक करा, पेठेची नावं पुसा.

आतेभावाशी माझं भांडण इथंच आहे. ज्या गोष्टीसाठी जर्मन लोक टेनिसचे चेंडू फेकतात, ती त्याच्या पायाशी आहे, आणि तो मालकाची वाट बघतोय. तालमीला कंपनीची जाहिरात मिळाली तर घ्यावी की, जर्सीवर नाव घालावं. पण आधी सभासदांची यादी करा, वर्गणी ठरवा, परदेशी खेळाडूला किती पैसे दिले ते वर्षाच्या सभेत वाचून दाखवा, आणि राडा करणाऱ्याचं सभासदत्व तालमीनंच काढा. पेठेतल्या पोरांना हे पोलिसांच्या काठीपेक्षा जास्त लागेल.

त्याला हे सगळं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "यादी करू, पण पेठेतनं लग्न होऊन बाहेर गेलेल्या पोरींना मत द्यायचं का?" मी म्हटलं, माझ्यापुरतं विचारत असशील तर वर्गणी आजच पाठवते. यावर तालमीत अजून एकमत झालेलं नाही.